खाकऱ्याचा डबा आणि काच फोडायची हातोडी

आपल्यापैकी कुणाच्याही गाडीची डिकी उघडून बघा. हे मी आव्हान म्हणूनच सांगते. मेथीचे खाकरे सापडतील, जिऱ्याचे सापडतील, सुखडी सापडेल, कोरा चिवडा, मुगाची तळलेली डाळ, उकाळलेल्या पाण्याचा थर्मास, पूजेच्या कपड्यांची वेगळी पिशवी, कटासणं, आणि 'वाटेत कुणी भेटलं तर द्यायला' म्हणून दोन जास्तीचे डबे. पुढे काचेवर नवकार, डॅशबोर्डवर नाकोडा भैरवदादा. नवी गाडी आली की बोनेटवर कुंकवाचा साथिया काढतो, श्रीफळ वधेरतो, चाकाखाली लिंबू चिरडतो. आता त्याच डिकीत रक्त थांबवायची एक पट्टी शोधा. बॅटरी शोधा. लाल त्रिकोण शोधा. तो असेलही, कारण गाडीसोबत कंपनीने दिलेला असतो, पण स्टेपनीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, जसा आला तसा. तो उघडायचा कसा हे घरातल्या एकालाही माहीत नसतं. सांगा बघू, तुमच्या घरात कुणाला माहीत आहे?

आम्ही गोडादऱ्यातली मराठी माणसं सारखी रस्त्यावर असतो. निम्मं आयुष्य इकडे आणि निम्मं खानदेशात. कुणाची सासू धुळ्याला, कुणाची बहीण अमळनेरला, कुणाचं शेत शिरपूरकडे. लग्न, बारसं, दुकानाचं मुहूर्त, कुणी गेलं तर दहावं, सगळ्याला परवत पाटियावरून निघायचं, कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. बळसाण्याला दर्शन घ्यायचं तरी हाच रस्ता. रात्री दुकान बंद केल्यावर निघायचं आणि पहाटे पोचायचं, ही आपल्या पुरुषांची आवडती रीत. आता आठवा. २०२० च्या ऑक्टोबरात मलकापूरहून सुरतकडे येणारी खाजगी बस याच कोंडाईबारी घाटात पहाटेच्या अंधारात दरीत कोसळली. पाच जण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. त्यानंतर आपण त्या घाटातून कितीदा गेलो असू, मोजता येणार नाही. डिकीत काही बदललं का? खाकऱ्याचा डबा तेवढा मोठा झाला.

'असं अशुभ बोलू नये गं', असं मला म्हणतात. म्हणू देत. अशुभ बोलण्याने अपघात होत नाही आणि शुभ बोलण्याने थांबत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचा आकडा आहे. यातल्या बहुतेकांच्या गाडीत कुठला ना कुठला देव असणार.

दुसरं उत्तर त्याहून जड. 'जे कर्मात असेल ते होईल.' हे उत्तर ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण ते धर्माच्या नावावर दिलं जातं आणि ते धर्माचं नाही. आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? जयणा. पाणी गाळून घ्या, दिवा झाकून ठेवा, भाजी निवडताना बघून निवडा, चालताना खाली बघून चाला. ईर्यासमिती म्हणतात ती हीच. 'त्या किड्याचं कर्मच तसं' असं म्हणून आपण बघितल्याशिवाय पाय टाकत नाही. किड्यासाठी कर्माची सबब चालत नाही, मग रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी कशी चालते? आणि ताशी शंभराच्या वेगाने लोखंडाचा डबा पळवणाऱ्याला जयणा लागू नाही, असं कुठे लिहिलंय?

अजून एक बघा. आपलं कुठलंही पच्चक्खाण घ्या, साधी नवकारसी का असेना. त्यात आगार असतात. चुकून झालं तर, अचानक झालं तर, शरीराची समाधी बिघडली तर, अशा सवलती व्रत घेतानाच आधी बोलून ठेवलेल्या असतात. संकट आल्यावर धावपळ करत सूट मागायची नाही, ती आधीच बांधून ठेवायची. ज्यांनी ही सूत्रं घडवली त्यांना माणूस कळत होता. व्रत मोडेल अशी वेळ येऊ शकते हे त्यांनी धरून ठेवलं आणि तिची तयारी व्रतातच केली. मी तर म्हणते, आगार म्हणजे व्रताची आपत्कालीन पेटीच. इतक्या शहाण्या परंपरेतल्या बायका गाडीत पेटी ठेवायला 'अपशकुन' म्हणतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

चौविहाराचंच घ्या. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, हे आपल्या घरातली म्हातारी माणसं काटेकोर पाळतात, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सत्तर वर्षांचे आजोबा, डायबेटिसची गोळी घेतलेली, घाटात ट्रक उलटल्यामुळे चार तास गाडी जागची हलत नाही, घाम फुटलाय, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. साखर उतरलीय. त्या वेळी साखरेचं पाणी द्यायचं की नाही यावर गाडीत वाद घालत बसणार का? हा प्रश्न निघण्याआधी विचारायचा. डॉक्टरांना विचारा, महाराजसाहेबांनाही विचारा, आणि आजोबांशी स्वतः बोलून ठेवा. मग ग्लुकोजची पुडी पिशवीत टाका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने द्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण अपघातानंतर आपल्याकडे सगळ्यात आधी कुणीतरी बाटली घेऊनच धावतं.

आता बायकांकडे वळते, कारण मला जास्त भांडायचंय ते तुमच्याशी. 'गाडीचं खातं त्यांचं.' किती सोयीचं वाक्य! सर्व्हिसिंग त्यांचं, पेट्रोल त्यांचं, विमा त्यांचा. आपण मागच्या सीटवर बसून डबे सांभाळणार. बरं, घरात कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांना माहीत असतं का? लोणच्याच्या बरणीला बुरशी कधी धरेल, पापडाचं पीठ किती दिवस टिकेल, उकाळलेलं पाणी चौमासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच, हे आपल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. ज्या बाईला पाण्याची मुदत प्रहरात सांगता येते, तिला मलमाच्या ट्यूबवरची तारीख वाचता येत नाही, हे मी मानायला तयार नाही. भरणं, बांधणं, मुदत बघणं, वेळेवर सापडेल अशा जागी ठेवणं हे काम पिढ्यान्पिढ्या आपलंच आहे. गाडीची पेटी हेही तेच काम. ते पुरुषांवर सोडलं तर ते ऑनलाइन एक लाल डबा मागवतील, डिकीत टाकतील आणि 'आणलाय ना' म्हणतील.

तो लाल डबा मी उघडून पाहिला आहे. बोटाला लावायच्या दहा-बारा चिकटपट्ट्या, बोटाएवढ्याच रुंदीची एक गुंडाळी, चिमटीभर कापूस, आणि अशी कात्री की तिने रांगोळीची पुडीसुद्धा कापली जाणार नाही. भाजी चिरताना बोट कापलं तर ठीक. रस्त्यावर मांडी फाटते, डोकं फुटतं. तिथे हवा मोठा गॉझ, आठ-दहा तरी, बंद पाकिटातला. रुंद क्रेप बँडेज दोन. तळहाताएवढा जाड पॅड. आणि काहीच नसेल तर स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं सुती धोतर किंवा जुनी सुती साडी, चार तुकडे करून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. हे तर आपल्या प्रत्येकीच्या कपाटात पडून आहे.

मागच्या वर्षी परवत पाटियाजवळ एक मुलगा मोपेडवरून पडला. चोवीस-पंचवीसचा असेल. नडगीतून रक्त वाहत होतं. बाजूला गाड्या थांबल्या, दहा-बारा तरी असतील, आणि मोठमोठ्या, हं. मीही तिथेच होते. काचा खाली झाल्या, मोबाइल बाहेर आले. एकाने 'पाणी पाजो' म्हटलं, एकाने हळद मागितली, एकीने 'अरे बाप रे' म्हणून मुलाचे डोळे झाकले. शेवटी हातगाडीवर भाजी विकणारी एक बाई आली, आमच्याच खानदेशाकडची, बोलण्यावरून कळली. तिने कमरेचा पंचा सोडला, घडी केली, जखमेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. '१०८ ले फोन लावा कोनी तरी', एवढंच बोलली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने हात उचलला नाही. तिला कुणी शिकवलं होतं, देव जाणे. तिने केलं ते अगदी बरोबर होतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबायचं आणि दाबून ठेवायचं. 'थांबलं का' म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, कॉफी, चुना यातलं काही नाही. हळद फोडणीत घाला.

आणि गाड्यांतले लोक का उतरले नाहीत? पोलीस-कोर्टाच्या भीतीने, असं मला नंतर दोघींनी सांगितलं. ही भीती आता जुनी झाली. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. त्याच कायद्यात 'गोल्डन अवर'ची व्याख्याही आहे: गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास. दवाखान्यात पोचवणाऱ्याला सरकार बक्षीसही देतं. २०२१ मध्ये ते ५,००० रुपये होतं, २०२५ मध्ये २५,००० केलं. बक्षिसासाठी कुणी उतरू नये हे खरं, पण भीतीने बसून राहण्याचं कारण तरी संपलं.

इथे मला आपल्याच समाजाला एक टोचणारी गोष्ट सांगायची आहे. उत्तरायणात आपली मुलं काय सुंदर काम करतात! मांज्याने कापलेली कबुतरं, बगळे उचलतात, खोक्यात ठेवतात, डॉक्टरांकडे पोचवतात. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून चालू आहे, आणि त्यात आपले युवक-युवती पुढे असतात. हातमोजे, कापूस, भोकं पाडलेली खोकी, फोन नंबरांची यादी, सगळं तयार. मी त्या मुलांच्या पायाला हात लावायला तयार आहे. पण तोच मुलगा १६ जानेवारीला त्याच गाडीतून जातो तेव्हा गाडीत काय असतं? हातमोजे उतरले, कापूस घरात गेला. पंखवाल्याची करुणा थोडे दिवस आणि दोन पायांच्या माणसाची एकही दिवस नाही? मांज्याने बाइकवाल्यांचे गळेही कापले जातात, हे सुरतेत कुणाला सांगायला नको. ते खोकं वर्षभर डिकीत राहू दे, एवढंच मागणं आहे.

विहाराचंही तेच. साध्वीजी पहाटेच्या अंधारात हायवेच्या कडेने चालतात आणि दरवर्षी कुठून ना कुठून वाईट बातमी येते. मग आपण सभा घेतो, निवेदनं देतो, मेणबत्त्या लावतो. आता बऱ्याच ठिकाणी विहार सेवेची मुलं चमकणारी जाकिटं घालून पुढे-मागे चालतात, हे फार चांगलं झालं. पण तसलं एक जाकीट आपल्या गाडीत का नसावं? रात्री टायर पंक्चर झाल्यावर काळा शर्ट घालून रस्त्याच्या बाजूने वाकलेला आपला नवरा ट्रकवाल्याला साध्वीजींपेक्षा जास्त दिसतो असं काही नाही. जाकीट घालायचं, चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे नेऊन ठेवायचा, हायवेवर आणखी लांब. आणि बायका-मुलांनी गाडीत बसून राहायचं नाही, कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. आपण काय करतो? गाडीला टेकून खाकरे वाटतो.

आता हातोडीबद्दल. हिच्यावरून माझ्याच घरात हसणं झालं. 'सासूबाई काय दरोडा घालायला निघाल्या?' असं विचारलं गेलं. २६ जुलै २००५ आठवते का? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत माणसं स्वतःच्या गाडीत मेली. नदीत वाहून नव्हे, रस्त्यावर, काचा बंद, एसी चालू, 'आत सुरक्षित आहोत' म्हणून बसलेली. बाहेर पाणी चढलं, विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपं बंद पडली, दार उघडेना, आत गुदमरली. गाडी चांगली होती म्हणूनच अडकली, असंही म्हणता येईल. हाताने फिरवायची काच असती तर उघडली असती. आणि १ जुलै २०२३ ची पहाट, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ. नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली, पेटली, पंचवीस जण आतच गेले. दाराची बाजूच खाली आली होती. जे थोडे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले.

सुरतेला पाणी नवीन नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला, ते बघितलेली आपली पिढी आहे. आणि एवढं लांब कशाला? दर पावसाळ्यात खाडी भरते, लिंबायत, परवत पाटियाकडे रस्ता दिसेनासा होतो, आणि तरी आपले गाडीवाले 'निघून जाईल' म्हणून पाण्यात घालतात. पाणी चढायला लागलं की पहिलं काम: पट्टा सोडा, काच उघडा. दार नव्हे, काच. वीज चालू आहे तोवर ती उघडते. फोन करायला थांबू नका. आधी मुलं बाहेर, मग तुम्ही. काच उघडली नाही तरच हातोडी. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची, मधोमध नाही. पुढची मोठी काच फोडायच्या नादी लागू नका. तिच्या दोन थरांमध्ये पडदा असतो, ती तडकते पण सुटत नाही. बहुतेक गाड्यांत बाजूची काच मात्र साखरेच्या खड्यांसारखी भुगा होऊन पडते. त्या हातोडीच्या मुठीत पट्टा कापायची पातीही असते. किंमत म्हणाल तर आपल्या एका सीट-कव्हरात अशा कितीतरी हातोड्या येतील.

पट्ट्यावरून आठवलं. पेटी ही नंतरची गोष्ट आहे, पट्टा आधीची. ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्रींची गाडी आपल्याच मुंबई-अहमदाबाद हायवेवर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर आदळली. उदवाड्याहून परतत होते. उत्तम गाडी, सगळ्या सोयी. मागच्या सीटवरचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. आणि मागच्या सीटवर कोण बसतं आपल्यात? आपणच. 'साडी चुरगळते', 'मांडीवर नातू आहे', 'मागे कुठे लागतो पट्टा'. नातवाला मांडीवर घेऊन बसणं ही माया नाही हो, जोरात ब्रेक लागला तर तो हातातून सुटून पुढच्या काचेवर जातो. इस्त्रीची साडी वाचवायला निघालेल्या बाईपुढे पेटीचं पुराण काय सांगायचं!

बरं, पेटी भरायची तर उन्हाचाही विचार करायला हवा, आणि इथे ऑनलाइनवाल्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत. त्या थंड मुलखातल्या असतात. बर्फ खरवडायचं खोरं आणि लोकरी मोजे सांगतात. आपल्याकडे वैशाखात बंद गाडी म्हणजे भट्टी. त्यात औषधं ठेवली तर ती औषधं राहत नाहीत. इन्सुलिन तर मुळीच नाही. रोजच्या गोळ्या पर्समध्ये, गाडीत फक्त त्यांची नावं लिहिलेला कागद. पॉवर बँक, सॅनिटायझर, सेंटची बाटली, काडेपेटी गाडीत पडू देऊ नका. बॅटरीतले सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, नाहीतर गळतात आणि ऐनवेळी अंधार. पाणी स्टीलच्या बाटलीत, रोज नवं. ओआरएसच्या चार पुड्या. सॅनिटरी पॅड, हे कुठल्याच लाल डब्यात नसतं, कारण तो डबा बाईने भरलेला नसतो. तरण्या मुली-सुना घेऊन बारा तासांचा प्रवास करणाऱ्या घराला ते सांगायला लागू नये. शिवाय पॅड रक्त शोषतोच, जखमेवरही तात्पुरता चालतो, लाजायचं काय त्यात? एक मोठी चादर. शिट्टी. टोचनाचा दोर. एक किलोचा पावडरचा अग्निशामक, आणि तो डिकीत नव्हे, पुढच्या सीटखाली. बोनेटमधून धूर आला तर बोनेट पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका उडतो. आधी माणसं उतरवा, गाडी विम्याची आहे.

एका ताईंनी मला विचारलं, पेटीत जिलेटिनच्या कॅप्सूल असतात, त्या आपल्याला चालतात का? प्रश्न चांगला आहे, पण या पेटीत कॅप्सूलचं कामच नाही. गॉझ, पट्टी, कात्री, हातमोजे यांत कुठला जीव नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी निश्चिंतपणे भरावी.

कागदावर नंबर लिहा. फोन बंद पडतो, फुटतो, आणि आपल्याला आता नवऱ्याचासुद्धा नंबर पाठ नसतो. ११२ कुठेही. १०८ ॲम्ब्युलन्स, ती गुजरातेत २००७ पासून आहे आणि घाट उतरून महाराष्ट्रात गेलात तरी हाच नंबर चालतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. त्याखाली घरातल्या दोघांचे नंबर, प्रत्येकाचा रक्तगट, कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाला कोणती गोळी. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि गुजरातीत दोन्ही. सोनगढला अडकलात तर गुजराती वाचणारा येईल, दहिवेलला अडकलात तर मराठी.

मुदत बघायला वेगळी तारीख शोधू नका. आपल्याकडे वर्षात तीन चौमासी चौदस येतात. आषाढात, कार्तिकात, फाल्गुनात. त्या दिवसांना आपण तसंही स्वयंपाकघर बदलतो, पिठाचा काळ बदलतो, सुकामेवा उचलतो, पालेभाजी बंद होते. त्याच हाताने गाडीची पेटी खाली घ्या. आषाढात हातोडी जागेवर आहे का, बॅटरी पेटते का. कार्तिकात धुक्यासाठी जाकीट आणि त्रिकोण. फाल्गुनात उन्हात बिघडणारं सगळं बाहेर. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि संघाच्या विश्वस्तांना एक विनंती, विनंतीच समजा. प्रभावनेत आता स्टीलची वाटी नको. प्रत्येकीच्या मांडणीवर त्या वाट्यांची चळत झाली आहे, अर्ध्या आपण कामवालीला देतो. पुढच्या पर्युषणात एका दिवसाची प्रभावना गॉझ आणि क्रेप बँडेजची करा. एका रविवारी उपाश्रयाच्या खालच्या हॉलमध्ये डॉक्टर बोलवा. आपल्या समाजात डॉक्टर काही कमी नाहीत. त्यांनी आम्हा बायकांना दाबून कसं धरायचं, मान न हलवता माणसाला कसं ठेवायचं, हेल्मेट ओढून का काढायचं नाही, हे आमच्याच हातांनी करवून घ्यावं. व्याख्यान नको, फार झाली व्याख्यानं. पुरुषांनाही बोलवा, पण पुढे आम्ही बसू.

राहिला जागेचा प्रश्न. आमच्या गोडादऱ्यातल्या निम्म्या गाड्या सीएनजीच्या आहेत, डिकीत बाटला झोपलेला असतो आणि उरलेल्या फटीत बॅगा कोंबलेल्या. 'कुठे ठेवू तुमची पेटी?' असा प्रश्न येतोच. तर पेटी नकोच. जाड कापडाची पिशवी शिवा, जुन्या जीनची चांगली होते, तीन कप्पे, वर चेन, बाहेर लाल धाग्याने अधिकचं चिन्ह, म्हणजे परका माणूसही ओळखेल. ती मागच्या सीटखाली सरकते. खाकऱ्याचा डबा बाटल्याच्या बाजूला जाऊ द्या, तो चेपला तर चुरा खाता येतो. हातोडी मात्र पिशवीत घालू नका. ती पुढे, ड्रायव्हरच्या हाताला बसल्या जागी लागेल अशी, दाराच्या खणात. आणि पट्टा लावलेल्या अवस्थेत तिथपर्यंत हात पोचतो का, ते आजच गाडीत बसून बघा.